चर्चच्या दाराला दुसरं कुलूप

मंडळी, आज सकाळी मी खिशात कुलूप घालून आपल्या चर्चला गेलो. उपासनेत ढोल वाजवावा की नाही, या वादात दुसऱ्या गटाने दाराला आपलं कुलूप लावलंच होतं. त्यावर आमचं कुलूप मी लावायचं ठरलं होतं.

पायरीवर त्या गटाचे सोनजीभाऊ फावडं घेऊन एकटेच बसले होते. रात्री तापाने त्यांची सून गेली होती.

“लाय भो, तुन्हं बी लाय,” मी खिशातून काढलेलं कुलूप बघून ते म्हणाले. “ताप काय कुलूप दखीसन थांबस का?”

गावात आणखी दोन घरांतून कण्हणं ऐकू येत होतं. पुढची कबर कोणत्या गटाची असेल, सांगाल का कोणी?

मी कुलूप किल्लीसकट त्यांच्या हाती दिलं, फावडं घेतलं आणि कबर खणायला लागलो.