‘रानटी’ला स्पॅनिशमध्ये काय म्हणतात?

भुतंखेतं, झपाटणं, अंगात येणं — यातलं काहीच मी मानत नव्हते. आजही मानत नाही. तरी लिहितेय, कारण त्या सकाळी जे घडलं त्याला ‘गोदाचं नाटक’, म्हणजे माझं नाटक, म्हणणारे अजून नाशकात आहेत.

गोष्ट एकोणीसशे तीसनंतरची. घोटीला सासरी मार खाऊन जीव नकोसा झाला, तेव्हा मी नाशकाला निघून आले. मिशन शाळेतल्या इंग्रजीच्या जोरावर गंगापूर रोडच्या एका बंगल्यात काम मिळालं. तिथे इनेसबाई नावाच्या एक स्पॅनिश बाई आपल्याकडच्या झाडाझुडपांची, जनावरांची नावं त्यांच्या भाषेत नेत होत्या. मी अर्थ इंग्रजीतून सांगायचा, त्यांनी स्पॅनिश शब्द शोधायचा. ‘रान’ या शब्दाने तर आम्हाला पार दमवलं! रानकेळी आपोआप उगवते, म्हणून ‘सिल्वेस्त्रे’. रानमांजर अंगावर येतं, म्हणून ‘साल्वाखे’. स्पॅनिशमधले हे दोनच शब्द मला ठाऊक.

एका सकाळी मामंजी आणि माझा भाऊ बंगल्याच्या व्हरांड्यात येऊन उभे राहिले.

“चल घरी,” मामंजी म्हणाले.

“नाही येणार.”

“बघ तुझी बहीण! लय माजली हाय. रानटी झाली, रानटी!”

इनेसबाईंना त्यातला एकच शब्द कळला. त्यांनी मला हळूच विचारलं, “रानटी... साल्वाखे?”

“नाही” म्हणायला मी तोंड उघडलं आणि बाहेर पडलं ते — “सिमारोना! आ मी नो मे आता नादिए!”

आवाज जाडा, म्हातारा. अर्थ मलाच कळेना. पण भीती? छे! छाती कशी मोकळी झाली.

इनेसबाई मटकन खुर्चीत बसल्या. मामंजी मागच्या मागे पायऱ्या उतरले. “बाधा झालीय हिला. असली बाई घरात नको,” म्हणत गेले, ते कायमचे.

भाऊ घाबरून म्हणाला, “गोदे, मांत्रिकाकडे जाऊ या.”

“दादा, तिकडे मी मार खात होते, तेव्हा कुणाला बोलावलं होतंस?”

तोही पायऱ्या उतरून गेला.

मग इनेसबाईंनी अर्थ सांगितला. सिमारोना म्हणजे दावं तोडून रानात गेलेली, परत न येणारी गाय. आणि पुढचं — ‘मला कुणी बांधत नाही.’ क्यूबात वाढलेली त्यांची आजी चिडली की हेच म्हणायची, याच आवाजात. आजीबद्दल त्या माझ्याशी कधी बोललेल्या नव्हत्या. बंगल्यात दुसरं कुणी स्पॅनिश जाणणारंही नव्हतं.

कुणी म्हणतं कानावर पडलं असेल, कुणी म्हणतं योगायोग. म्हणू देत. मला आजवर याचा उलगडा झालेला नाही. तो आवाज कुणाचा होता, ठाऊक नाही... म्हणणं मात्र माझंच होतं.