सेंटर हाफ मागे आला

वेल्डिंग मशीनचं बटन मी बंद केलं तेव्हा हेड ऑफिसचे पाहुणे नवी कोरी हेल्मेटं घालून समोर उभे होते. काम खुद्द आमच्या साहेबांनी त्यांना दाखवायला काढलेलं. वेल्डर होते इब्राहिमभाई मुकादम, मंडणगडचे. त्यांनी तोंडावरची ढाल वर केली आणि शांतपणे मराठीत म्हणाले, "गेला मेल्या तुझ्या बायकोचा व्हिसा." पाहुण्यांना वाटलं काहीतरी टेक्निकल चाललंय. एकाने समजल्यासारखी मानही डोलावली.

हे सौदीतल्या अल खफजीचं, तेलाला सोन्याचे दिवस होते तेव्हाचं. मी पाइपफिटर लोकांचा फोरमन होतो. राहायला कॅम्पात, बायको चिपळूणला. सीनियर फोरमन झालं की फॅमिली आणता यायची. त्या जागेसाठी शिफारस करणार होते ब्रॅडली साहेब, आणि त्याच साहेबांचं काम मी थांबवलं होतं.

असं का केलं ते सांगायला आधी परमिट सांगावं लागेल. प्लांटमध्ये साधी ठिणगी पाडायची तरी वर्क परमिट लागतं. म्हणजे 'इथे आता हे काम करायला हरकत नाही' असा सह्यांचा कागद. आमच्याकडे त्यावर तीन सह्या लागत: त्या भागाचा ऑपरेटर, सेफ्टीवाला आणि साहेब. पण कामं इतकी वाढली की कागद सहीसाठी लोळत पडायचे. म्हणून वरून हुकूम आला, सेफ्टीवाल्याची सही बंद. तिनाच्या दोन झाल्या. आम्ही खूश. माझी गँग तर सुसाट सुटली.

मग एका गँगने रिकामी न केलेली लाइन उघडली आणि दोघांना डिझेलची आंघोळ घडली. पाठोपाठ दुसऱ्यांनी भलताच पाइप कापला. ब्रॅडली साहेबांनी मला बोलावलं. दोन्ही कामं माझी नव्हती, तरी मी दारातूनच सॉरी म्हणालो. माझा स्वभावच तसा आहे. शेजारच्याच्या हातून चहा सांडला तरी मला अपराधी वाटतं.

साहेब रागावले नाहीत. त्यांनी फुटबॉलचा विषय काढला. ते उत्तर इंग्लंडमधल्या एका गिरणगावचे, आणि त्यांच्या गावच्या क्लबचा एकच सीझन त्यांना आयुष्यभर पुरला होता. दोन महायुद्धांच्या मधला तो काळ. साहेब तेव्हा शाळेत होते. त्या सीझनला लीगमध्ये ऑफसाइडचा नियम बदलला. आधी पुढच्या खेळाडूकडे बॉल मारताना त्याच्या आणि गोललाइनच्या मध्ये विरुद्ध बाजूची तीन माणसं असावी लागत. आता दोन पुरे झाली. गोलांचा नुसता पाऊस पडायला लागला. शहाण्या क्लबांनी मैदानाच्या मधला माणूस, म्हणजे सेंटर हाफ, मागे ओढून दोन बॅकच्या मध्ये उभा केला. साहेबांचा क्लब मात्र जुन्याच ऐटीत खेळत राहिला आणि नाताळपर्यंत दर शनिवारी मार खात राहिला. साहेबांचे वडील म्हणे शनिवारी रात्री कोणाशी बोलत नसत.

"शेवटी त्यांनीही सेंटर हाफ मागे घेतला," साहेब म्हणाले. "साळवी, आपल्याकडे तो तू. उद्यापासून गँग दुसऱ्याला दे. प्रत्येक काम सुरू होण्याआधी जागेवर जा, डोळ्यांनी बघ. पटलं नाही तर थांबव. कोणाचंही."

त्या संध्याकाळी मेसमध्ये इब्राहिमभाईंनी माझ्या ताटात मासा वाढत विचारलं की, फोरमनचा वॉचमन झाल्यावर पगार तोच राहतो की कमी होतो. मला हसू आलं नाही. ज्याच्या हातात गँग नाही, त्याला सीनियर फोरमन कोण करणार? पण सांगितलेलं काम मनापासून करायची मला खोडच आहे. मी कामं थांबवत सुटलो. लोक मला लांबून बघून यल्ला यल्ला, चला चला करत हत्यारं आवरायचे.

पाहुण्यांच्या दिवशी परमिट पक्कं होतं, दोन्ही सह्यांचं. गॅस टेस्टही झाली होती. हवेत जळणारा गॅस नाही ना, हे मीटरने बघतात. पण ती सकाळची. पाहुणे आले दुपारच्या नमाजानंतर, आणि मधल्या वेळात वारा फिरला होता. काम लांबलं की टेस्ट पुन्हा करायची, असा नियम. साहेब म्हणाले, "इट्स फाइन, साळवी. मी सही केली आहे." मी सॉरी म्हणालो आणि बटन बंद केलं.

टेस्ट करणारा प्लांटच्या दुसऱ्या टोकाला होता. तो येईपर्यंत पाहुणे उन्हात लाल झाले आणि एसी गाडीत बसून जेवायला निघून गेले. मग मीटर आला. गॅस शून्य. इब्राहिमभाईंनी तो जॉइंट अप्रतिम मारला. बघायला मी एकटा होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी साहेबांसमोर उभा राहिलो.

"पाहुण्यांसमोर माझ्या सहीची किंमत घालवलीस."

"सॉरी सर."

"आणि गॅस शून्य निघाला."

"सॉरी सर."

"शून्याबद्दल कोणी सॉरी म्हणतं का?" त्यांनी पेन खाली ठेवलं. मग त्या सीझनचा शेवट सांगितला. त्यांच्या डिव्हिजनमध्ये तळाला राहिलेल्या क्लबांना पुढच्या वर्षी ठेवायचं की नाही, यावर मतदान व्हायचं. ते टाळायला शेवटच्या मॅचमध्ये बरोबरी पुरे होती. मॅच झाली शून्य-शून्य. सेंटर हाफ एकदाही पुढे गेला नाही. कंटाळलेल्या लोकांनी दोन्ही हाफ त्याला शिव्या घातल्या. "घरापर्यंत माझे वडीलही घालत होते," साहेब म्हणाले. "क्लब वाचला हे त्यांना चहा पिताना आठवलं. मलाही तुझा अजून रागच आहे. शिफारस मात्र मी काल संध्याकाळीच पाठवली."

बायको आली. क्वार्टरमध्ये सामान लावून झाल्यावर तिने विचारलं, "अहो, पण तुम्ही इथे नेमकं करता काय?"

"काही होऊ देत नाही."

तिने विचार केला. "मग जे झालंच नाही ते तुमच्यामुळे झालं नाही, हे त्यांना कळतं कसं?"

"कळत नाही," मी म्हणालो. "कोणी चिडलं, तर काम चालू आहे असं समजायचं."