धुळे ते जळगाव, मांडीवर समुद्र

धुळ्याच्या स्टँडवरून जळगावची एस.टी. सुटली तेव्हा माझ्या मांडीवर समुद्र होता. म्हणजे थर्मासभर खारं पाणी आणि सौराष्ट्राच्या किनाऱ्यावरची काळी वाळू. त्या वाळूच्या कणांमध्ये डोळ्यांना न दिसणारे, जबडा असलेले कृमी राहतात. ते चपट्या कृमींचे भाऊबंद नसून डबक्यातल्या रोटिफर या तसाच जबडा असलेल्या सूक्ष्म जीवांचे असावेत, असं मी प्रबंधात लिहिलं होतं. जळगावच्या माझ्या मार्गदर्शक सरांनी तो परिच्छेद लाल शाईनं खोडला. "मेल्यावर कृमीचा नुसता डाग उरतो. जबडा हलताना दाखवा, मग बोलू."

एक्याण्णवचा मे. दोन दिवसांचा प्रवास झाला होता. आत काही जिवंत आहे की नाही, कोण जाणे.

पारोळा गाव मागे पडलं आणि रेडिएटर उकळला. गाडी रस्त्याच्या कडेला. सावली नाही. कंडक्टर थेट माझ्याकडे आला. "थर्मास द्या. रेडिएटरला पाणी पाहिजे."

"हे पाणी चालायचं नाही."

शेजारी बसलेल्या अक्का माझ्याकडे वळल्या. "मंग माले तरी घोटभर दे. बठ्ठासले तीस लागनी शे." (सगळ्यांना तहान लागली आहे.)

"अक्का, पिण्याचं नाही हो."

"पानीले नहीं म्हनस! कोना पोऱ्या शे तू?" (पाण्याला नाही म्हणतोस! कुणाचा पोरगा तू?)

सगळी गाडी माझ्याकडे बघायला लागली. मागून कुणी म्हणालं, "शिकेल दिखस!" (शिकलेला दिसतोय!) कंडक्टरनं थर्मासला हात घातला. ओढाओढीत लवंडला असता, म्हणून मीच उघडला. काळ्या वाळूचा कुजक्या अंड्यांसारखा भपकारा सुटला तसा तो दोन पावलं मागे सरला. अक्कांनी मात्र बोट बुडवून जिभेला लावलं आणि खिडकीबाहेर थुंकल्या.

"खारं शे! काय करस याले?"

सांगितलं. किडे, जबडा, भाऊबंद, सगळं. मागचे हसले. अक्का हसल्या नाहीत.

"खाताना देख त्याले. मानूस जेवाले बसना का कूळ समजस." (माणूस जेवायला बसला की कूळ कळतं.)

जवळच्या विहिरीवरून कंडक्टरनं बादली आणली. अक्का प्यायल्या, फडकं भिजवलं आणि थर्मासला गुंडाळलं. एरंडोलला उतरताना फडकं परत मागितलं नाही.

जळगावला कॉलेजात सूक्ष्मदर्शकाखाली पहिल्या सहा थेंबांत काही नव्हतं. सर घड्याळ बघत होते. सातव्यात पांढरा दोरा हलला. मी भिंग जुळवलं. जबडा उघडला, मिटला, उघडला.

सर भिंगावर वाकले आणि स्वतः बघितलं. मग म्हणाले, "यानं वाद मिटणार नाही." भिंगावरून डोळा काढत, "पण परिच्छेद परत लिहा."

संध्याकाळी असोद्याला पोचलो. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिला, आणि ते मी कुठंही ताठ मानेनं सांगतो. वडील दुसऱ्याच्या केळीला पाणी देऊन आले होते. आम्ही ताटावर बसलो. त्यांनी भाकरी डाव्या हातात धरून उजव्या अंगठ्यानं बारीक कुस्करली, मधे खळगा केला, त्यात आमटी ओतली.

मी माझ्या ताटात बघितलं. माझ्याही कुस्करलेल्या भाकरीत तसाच खळगा झालेला होता.