काकांच्या गठ्ठ्यातलं एक कार्ड

नकार माझ्या काकांना चालायचा. मुकाट परत येणं चालायचं नाही. गूळ आणायला धाडलेला माणूस हात हलवत आला आणि गपचूप ओट्यावर टेकला, की काका चष्मा कपाळावर चढवून विचारत, "काहून रे, जीभ दुकानातच ठेवून आला काय? गूळ नाही भेटला तं नाही भेटला म्हन! वापस येतानी 'नाही' तरी घेऊन यायचं!" मंगरूळपीरला ते गणिताचे मास्तर होते, आणि त्यांच्याकडे रिकामं परतायला अख्खी आळी घाबरायची.

सत्तरच्या दशकातल्या एका उन्हाळ्यात ते नागपूरला कॉम्प्युटर शिकून आले आणि संसारातून उठले. मशीन नागपुरात, काका इथे. प्रोग्रॅम कागदावर लिहायचा, तिकडे जाऊन त्याची भोकांची कार्डं पाडून आणायची; एक ओळ, एक कार्ड. गठ्ठा जमला की त्याच्या माथ्यावर पेन्सिलीनं तिरपी रेघ ओढायची. कार्डं सांडली तरी रेघ जुळवून पुन्हा लावता येतात, म्हणून. गावोगावच्या कपाशीचा एकरी उतारा काढणारा प्रोग्रॅम ते करत होते. तो मशीनवाल्या साहेबांपुढे नीट चालला तर नागपूरची नोकरी पक्की होती. काकू तर आतापासूनच तिथल्या नळाच्या पाण्याचं कौतुक करू लागली होती.

फंक्शन म्हणजे काय, हे मला त्यांनीच सांगितलं. "कामावर धाडलेला मानूस समज. ज्यानं धाडलं तो उत्तराची वाट पाहून राह्यला असते. गावात कपाशीच नसंल तं अर्ध्यातून रिटर्न फिर, हरकत नाही. पन फिरायच्या आधी उत्तराच्या डब्यात शून्य टाक. काही न टाकता आला, तं डब्यात मागच्या गावाचं शिळं उत्तर पडून असते. मशीन बिचारं तेच उचलते."

मी मान डोलावली. माझं फारसं लक्ष नव्हतं, कारण त्या दिवसांत केनवडचे पाहुणे मला बघायला यायचे होते.

पाहुणे आले. चहा झाला. मुलीच्या वडिलांनी सहज विचारलं, "पोरगा कुठवर शिकला म्हनता?" बाबा खाकरले. मी सुट्टीवर आलोय, असं सांगायचं घरात ठरलं होतं. पण प्रश्न विचारला गेला होता, आणि काका समोर बसले होते. "दोन वर्षं अमरावतीले होता," ते म्हणाले. "परीक्षेच्या आधीच वापस आला. हाती काही आनलं नाही." स्थळ तिथेच मोडलं. पाहुण्यांनी पोहे मात्र संपवले. ती मुलगी मला मनापासून आवडली होती. मी तिचा फोटो पाहिला होता, आणि तोही एका बाजूनं.

त्या दिवशी मी शपथ घेतली. सुडाचे बेत मी पुष्कळ केले: सायकलची हवा सोडणं, चष्मा लपवणं. सगळे माझ्याच लायकीचे, म्हणजे फुसके. मग एका दुपारी काका शाळेत असताना मी त्यांचा गठ्ठा उघडला. त्यांनीच शिकवल्याप्रमाणे बोट फिरवत गेलो आणि रिटर्नच्या अगदी आधीचं, शून्य टाकणारं कार्ड काढून घेतलं. आयुष्यात तेवढा एकच धडा मी नीट शिकलो.

नागपूरला कार्डांची पेटी उचलायला मीच त्यांच्याबरोबर गेलो. मला तमाशा बघायचा होता. मशीननं कागद ओकला आणि साहेबांनी एका गावावर बोट ठेवलं. तिथे कपाशीचा पेरा शून्य, आणि उतारा मात्र वरच्या ओळीतल्या गावाइतकाच, शेवटच्या आकड्यापर्यंत. साहेब हसले. "मास्तर, तुमच्याकडे पेरल्याशिवाय पिकतं वाटतं!" सगळे हसले. मीही हसलो.

नोकरी दुसऱ्याला मिळाली. परतीच्या एसटीत काकांनी गठ्ठा मांडीवर घेतला. ती रेघ मी साफ विसरलो होतो. त्यांनी नख फिरवत नेलं आणि ते एका जागी थांबलं. रेघ तिथे केसाएवढी तुटली होती. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. आता शिव्या येणार म्हणून मी खांदे आवळून बसलो. कार्ड माझ्या खिशातच होतं. काकांनी गठ्ठ्याला दोरी बांधली आणि मंगरूळपीरपर्यंत खिडकीबाहेर पाहिलं.

पुढे माझं लग्न झालं, लेकरं झाली. काका यायचे, जेवायचे, लेकरांना पाढे विचारायचे. पण त्याबद्दल एक अक्षर नाही. शेवटी मीच हरलो. चार पानी पत्रात सगळं कबूल केलं, कार्डही सोबत घातलं आणि खाली लिहिलं, 'काका, काय ते उत्तर द्या. शिव्या चालतील.'

आठ दिवसांनी अंतर्देशीय आलं. पत्ता त्यांच्या सुरेख अक्षरात, पिनकोडसकट. कडा जपून फाडल्या. आत कोरं. मी उजेडात धरून पाहिलं, उलटं करून पाहिलं, लिंबाच्या रसानं लिहिलं असेल म्हणून तव्यावरही धरलं. बायको म्हणाली, "काय लिवलं काकाजीनं?"

"काही नाही," मी म्हणालो.

जन्मभरात काकांनी रिकामा धाडलेला तो एकच रिटर्न, आणि तो माझ्यासाठी राखून ठेवला होता. त्यानंतरच्या पावसाळ्यात ते गेले.

आता बाजारातून एखादी वस्तू न मिळता परतलो, की मी फाटकातूनच ओरडतो, "नाही मिळालं!" घरचे म्हणतात, "अहो, आत येऊन सांगा की, आम्ही काय बहिरे आहोत?" पण मी ते घरच्यांना सांगत नसतो.