विश्वजितच्या गाडीतली शांतता

कराडहून विट्याकडे जाताना माळवाडी फाट्यावर एक पत्र्याचं शेड आहे. वर पाटी 'आकाराम कुशन वर्क्स'. आत आकाराम मशिनीवर मान घालून सीटकव्हरं शिवत असतो आणि त्याची बायको अंजना एखाद्या गाडीचं दार उघडं पाडून, बोटाच्या पेरानं पत्रा ठोकत, त्याला कान लावून बसलेली असते. नवं गिऱ्हाईक आलं की तिला ओलांडून पुढं बघतं आणि विचारतं, "मालक कुठं हायत?" बावीस वर्षं झाली, हा प्रश्न काही संपत नाही. अंजना मान वर न करता म्हणते, "मालक शिवत्यात. गाडी मी ऐकते. काय दुखतंय गाडीचं, बोला."

आणि खरंच ती ऐकते. हल्लीच्या गाड्यांचा पत्रा म्हणजे पापड. महामार्गाला लागलं की टायरचा, वाऱ्याचा, इंजिनाचा सगळा गोंगाट आत, आणि शेजारी बसलेल्या माणसाशी बोलायचं तर घसा ताणायचा. अंजना दाराचं अस्तर काढते, पत्रा थिनरनं पुसते आणि वीत-वीत सोडून ठोकत जाते. जिथं पत्रा 'टण्ण' करून थरथरत राहतो तिथं चंदेरी कागदाची जाड रबरी शीट चिकटवायची, वरनं लाटणं फिरवावं तसा रूळ दाबून फिरवायचा, आणि पुन्हा ठोकायचं. 'ठप' असा मुका आवाज आला की झालं. सगळा पत्रा मढवायला लागत नाही, योग्य जागी निम्मा पुरतो. पण जागा कळायला कान लागतो, आणि तो विकत मिळत नाही.

त्यावर आणि अस्तराच्या मागं ती घालते लोकर. अंजना आटपाडीकडच्या मेंढपाळाच्या घरातली. माहेरी लोकर पायांनी तुडवून जेन करतात, जेन म्हणजे लोकरीचं जाड बसकर. आवाज पिण्यात त्याची बरोबरी कुठलाही फोम करत नाही, हे तिचं तिनं शोधलेलं. आणि आज त्या लोकरीला कुणी विचारत नाही म्हणून मेंढरं कातरून झाली की लोक ती बांधावर टाकून येतात! हा विषय निघाला की अंजनाला आवरणं मुश्कील. "परदेशातनं फोम आणत्यात न् आपल्या मेंढराची लोकर कुजवत्यात. आकला गहाण टाकल्यात समद्यांनी."

तशी ती रागीटच. पण राग खोटा कधी नसतो. एकदा महाबळेश्वरचा एक टॅक्सीवाला आला, दार उघडलं की आत डबक डबक वाजतंय म्हणून. कुठल्या तरी शहाण्यानं स्वस्तात मस्त म्हणून स्लॅबची गळती थांबवायची डांबरी शीट दाराच्या आत थापली होती, आणि थापताना खालची, पाणी जायची भोकंही बुजवून टाकली होती. महाबळेश्वरचा पाऊस तो! दार पाण्यानं भरलं. बिचारा दोन महिने दारातनं पाणी वाहून नेत होता आणि खाली कराडला उन्हात आला की डांबर पाझरून गिऱ्हाइकांच्या कपड्याला लागत होतं. अंजनानं त्या न पाहिलेल्या कारागिराचा असा काही उद्धार केला की टॅक्सीवाला लाजून चहा प्यायला निघून गेला. पण तीन दिवस खपून खरवडून काढलं तिनं ते डांबर, कणन् कण.

अशा या बाईचा उजवा कान गेल्या यात्रेत गेला.

माळवाडीच्या यात्रेला पूर्वी पालखीपुढं ढोल आणि धनगरांचं गजनृत्य असायचं. आता डीजे. टेम्पोवर माणसापेक्षा उंच पेट्यांची भिंत, मागं ट्रॉलीवर जनरेटर. गेल्या साली ती भिंत अंजनाच्या शेडसमोर पाऊण तास थांबली, कारण पुढं पोरांना नाचायला जागा ऐसपैस होती. शेडचे पत्रे नाचले, खिळे निसटले. दुसऱ्या दिवसापासून अंजनाच्या उजव्या कानात शिट्टी सुरू झाली ती आजतागायत. कराडच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, आतली नस गेली, औषध नाही. "डावा शाबूत आहे अजून, पण तोही थोडा दुखावलाय. आणखी एक असा दणका बसला तर सांगता येत नाही. तेवढा जपा."

यात्रा कमिटीला सांगायला गेली तर उत्तर काय? "एक दिवसाचा तर प्रश्न हाय वैनी. कापूस घाला कानात. न्हाईतर त्या दिवशी माहेरी जावा." म्हणजे बघा! दणका यांनी द्यायचा आणि घर हिनं सोडायचं. "देव माझा न्हाई व्हय?" अंजना तिथंच कडाडली. "पालखी दारात येणार न् मी आटपाडीला जाऊन बसू? का म्हणून?" कमिटीतले चौघे एकमेकांकडं बघून हसले. तिला ते हसणं फार लागलं.

आणि यंदा यात्रेला तीन आठवडे असताना शेडसमोर कोरी करकरीत मोठी गाडी येऊन थांबली. उतरला कोण? विश्वजित. त्या डीजेच्या भिंतीचा मालक! पाच तालुक्यांत त्याच्या सुपाऱ्या. मागच्या सीटवर त्याची बायको पल्लवी, मांडीवर तीन महिन्यांची पोर.

"काकू, गाडी पार मुकी करायची," विश्वजित म्हणाला. "आत काय म्हंजे काय आलं न्हाई पायजे. पोरगी आवाजाला लय दचकती. हॉर्न वाजला तरी आंग ताठ करून रडती. डॉक्टर म्हणलं, जपायला पायजे."

अंजनानं हातातली रबराची पट्टी खाली टाकली. आकारामनं मशिनीवरचा पाय काढला. त्याला बायको ठाऊक होती.

"पोरगी दचकती?" अंजना म्हणाली. "आणि आमी काय दगडाचं हाय रं? ह्या कानाकडं बघ. तुझ्या भिंतीनं नेलाय ह्यो. आता ह्या एकावर धंदा हाय माझा, समदं पोट हाय. आन् तू तुझ्या गाडीला शांतता मागायला माझ्याच दारात? लाज न्हाई वाटली?"

विश्वजितचा चेहरा उतरला. "मला ठावं नव्हतं काकू. आईशप्पत न्हाई."

"ठावं नसायला तू ऐकतोस कवा कुणाचं?"

मागं गाडीत पोरगी जागी झाली. फाट्यावरनं उसाचा ट्रॅक्टर मोठ्यांदा गाणं लावून गेला आणि तिनं दोन्ही हात हवेत ताणून, ओठ काढून जो टाहो फोडला तो ऐकून अंजनाचा राग अर्धा खाली आला. पोरीनं काय पाप केलंय? पल्लवीनं तिचे कान दोन्ही तळहातांनी झाकले. लेकराचे कान झाकायला आई असते, एवढंच अंजनाच्या मनात आलं.

"करते," ती म्हणाली. "पण माझी एक अट. यात्रंला तुझा डीजे माझ्या शेडच्या अलीकडं शंभर पावलं बंद, पलीकडं शंभर पावलं बंद. नुसता ढोल वाजू दे तेवढ्यात."

"दिला शबूद," विश्वजितनं पोरीच्या डोक्यावर हात ठेवला. "तुमच्या दारात आवाज न्हाई होणार."

आकाराम संध्याकाळी म्हणाला, "अगं, सुपारीवाल्याचा शबूद तो. कशाला नादी लागतीस?"

"आवं, लेकराच्या डोक्यावर हात ठेवलाय त्यानं. तिथं तरी माणूस खोटं बोलंल का?"

आठ दिवस गाडी शेडमध्ये होती. सीटा बाहेर, गालिचा बाहेर, छताचं अस्तर बाहेर, नुसता सांगाडा. अंजना एकाच कानानं ऐकायची म्हणून तिला प्रत्येक ठोका दोनदा मारावा लागे, एकदा या बाजूनं, एकदा वळून त्या बाजूनं. चारी दारं, छत, चाकांवरची कमान, डिकी, सगळीकडं रबरी शीट. त्यावर माहेरची लोकर, धुऊन, वाळवून, कापराच्या पाण्याचा हात फिरवून, म्हणजे कसर लागू नये. पाणी धरेल तिथं, खाली पायाशी, लोकर नाही. पाणी जायची भोकं सगळी मोकळी. दाराच्या कडांना रबराची दुहेरी पट्टी. चोख काम. ज्याच्यावर डोकं फिरलंय त्याचंही काम तिला वाईट करता येत नव्हतं, याचाच तिला जास्त राग येत होता.

गाडी घेताना तिनं विश्वजितला बजावलं, "खालचा धपधप आवाज थोडा येणार, त्याला कुणाकडं इलाज न्हाई. पर पोरगी झोपंल." विश्वजित आत बसला, दार लावलं, आणि काचेआडनं डोळे मिटून हसला.

यात्रेच्या दिवशी चार वाजता पालखी फाट्याकडं वळली. पुढं पालखी, मागं पोरांचा घोळका, मग पेट्यांची भिंत, मग जनरेटर, आणि पाचपन्नास पावलं सोडून विश्वजितची गाडी, काचा बंद. अंजना खोबरं-गुलालाचं ताट घेऊन दारात उभी. कानात कापूस, वर पदर. शंभर पावलं आली. ऐंशी आली. पन्नास. आवाज काही थांबेना. उलट समोर मोकळी जागा दिसली तशी भिंत गेल्या सालासारखीच शेडपुढं येऊन उभी राहिली, आणि पोरांनी हात वर केले.

अंजनाच्या हातातलं ताट खाली गेलं. डावा कान तळव्यानं दाबून ती घोळक्यातनं वाट काढत गाडीपाशी पोचली. काचेवर थापा मारल्या. "विश्वजित! अरं शबूद दिलावतास! बंद कर!" आत पुढं ड्रायव्हर, मागच्या सीटवर तो फोनवर बोलत होता. त्यानं वर पाहिलं, काकू दिसल्या, आणि एवढं मोठं हसून त्यानं अंगठा वर केला. दाराकडं बोट दाखवलं. तोंड हललं. एक नंबर काम, असंच काहीतरी म्हणत असणार.

तिनं दाराची मूठ धरली. उघडायचं आणि सगळं आत सोडायचं, बघू दे काय असतं ते! पण त्याच्या पलीकडं पल्लवीच्या मांडीवर पोरगी झोपलेली, मूठ तोंडाशी धरून, गाढ. अंजनाचा हात सुटला. तिला स्वतःचाच संताप आला.

मग ती सरळ जनरेटरकडं गेली आणि लाल खटका खाली ओढला. सगळं गप्प झालं. नाचणारी पोरं हात वर धरून तशीच उभी. कुणीतरी ओरडलं. डीजेवाले धावले. "मालकाला बोलवा!" फक्त मालकाला काही कळलं नव्हतं. तो आत अजून फोनवर बोलतच होता. पोरांनी काच बडवली तेव्हा तो दार ढकलून खाली उतरला. "काय झालं रं? कुणी बंद केला?"

"मी," गाडीपाशी परत आलेली अंजना म्हणाली. "शबूद विसरलास."

"काकू, कमिटीनं लय गळ घातली हो... एक दिवसाचा तर प्रश्न..."

तो एवढं बोलतोय तोवर डीजेवाल्यानं खटका परत वर केला. दार उघडंच होतं. भिंत गरजली आणि आत पोरगी अशी किंचाळली की पल्लवीच्या हातातनं ती निसटता निसटता राहिली. विश्वजित वळला. दोन्ही हात हलवत डीजेकडं पळत सुटला, "बंद करा! बंद करा रं!" त्याच्याच पगारी माणसांना त्याचा शब्द ऐकू जात नव्हता. त्यांना वाटलं, मालकही नाचायला आला. त्यांनी आवाज वाढवला.

घोळका दारावर रेटत होता. पल्लवी घाबरून उघड्या दाराकडं सरकली होती आणि पोरीचा पाय बाहेर लोंबत होता. एका हातानं हे होण्यासारखं नव्हतं. अंजनानं डाव्या कानावर पुन्हा दाबलेला हात काढला, एका हातानं पोरीचा पाय आत सरकवला, दुसऱ्यानं दार रेटून घट्ट लावलं, आणि पाठ लावून तिथंच उभी राहिली. विश्वजित खटक्यापर्यंत पोचायला चार मिनिटं लागली.

आवाज थांबला. विश्वजित घामेजून परत आला, काचेतून आत पाहिलं. पोरगी हुंदके देत शांत होत होती. मग तो अंजनापुढं उभा राहिला आणि हात जोडून बोलू लागला. बराच वेळ बोलला. डोळ्यांत पाणी होतं त्याच्या.

अंजना त्याच्या तोंडाकडं बघत राहिली.

"मोठ्यानं बोल," ती म्हणाली.

तो मोठ्यानं बोलला. सगळ्या फाट्याला ऐकू गेलं.

"आजून मोठ्यानं, विश्वजित. मला काय बी ऐकू येत न्हाई."