यंत्राचा रोजचा उपवास

आमच्या घरातलं हवा मोजायचं यंत्र रोज सकाळी तासभर वायफायवरून गायब व्हायचं. ते का गायब व्हायचं, हे साऱ्या घरात फक्त मला ठाऊक आहे, असं मी धरून चाललो होतो. तीन आठवडे मी ते यंत्र दुरुस्त करत होतो. म्हणजे दुरुस्त करण्याचं सोंग करत होतो. मी शाळेत आठवी-नववीला विज्ञान शिकवतो, त्यामुळे सोंगही पद्धतशीर होतं.

सुरुवात आईच्या छातीपासून झाली. आईचं वय अठ्ठ्याहत्तर. थंडीत तिची छाती भरली आणि आठ दिवस दवाखान्यात काढावे लागले. डॉक्टरांनी सांगितलं, धूळ आणि धूर यांपासून लांब ठेवा. आईनं त्याही अवस्थेत घासाघीस केली आणि देवापुढं दिवसाला एक उदबत्ती मंजूर करून घेतली, तीही स्वयंपाकघरातल्या देव्हाऱ्यात, तिच्या खोलीपासून लांब. मी तिचा हात धरून जोतिबाची शपथ घेतली की आजपासून सिगरेट बंद. जोतिबा आमचा कुलदेव. अकराव्या दिवशी मी शपथ मोडली. न्हाणीत, दार लावून, खिडकीकडं तोंड करून.

पुण्याची अक्का, माझी थोरली बहीण, आईला घेऊन जायला आली होती. आई म्हणाली, "चौदाव्या मजल्यावर? आणि लिप्ट बंद पडली की मला काय दोरीनं खाली सोडणार हाईस?" दोन दिवस वाद झाला. शेवटी तह असा ठरला की आईच्या खोलीत हवा मोजायचं यंत्र बसवायचं, त्याचे आकडे अक्काला पुण्यात फोनवर दिसणार. हवा चांगली राहिली तर आई इथंच. नाही राहिली तर अक्का गाडी घेऊन येणार आणि आई पुण्याला.

यंत्र आलं. पांढरं, पेढ्यांच्या बॉक्सएवढं, बाजूंना चिरा, पुढं एक दिवा. हवा चांगली तर हिरवा, वाईट तर लाल. मी ते जोडायला घेतलं तर आईनं हात धरला.

"आधी पाटावर ठेव."

आमच्या घरात नवीन वस्तू पूजेशिवाय चालू होत नाही. मिक्सरची झाली, स्कूटरची झाली, माझ्या लॅपटॉपचीही झाली. आईनं कुंकू लावलं, अक्षता टाकल्या आणि जोतिबावरून आणलेल्या गुलालाची भरघोस चिमूट यंत्रावर उधळली. "चांगभलं," म्हणाली. गुलाल चिरांतून आत गेला. मी बटण दाबलं. यंत्राच्या आतला पंखा फिरला आणि दुसऱ्या बाजूनं गुलाबी धूर निघाला. दिवा लालभडक.

पाच मिनिटांत पुण्याहून फोन. "अरे, घर पेटलंय काय?"

"नाही. पूजा केली."

"कुणाची?"

"यंत्राची."

"बरं. आता पुसून घे," अक्का म्हणाली. ती इंजिनिअर आहे, पण आमच्याच घरातली आहे.

रंगाच्या ब्रशनं मी ते दोन दिवस साफ केलं. मग वायफाय जाऊ लागलं, आणि हे पहिले बिघाड खरे होते, हे मी इथं शपथेवर सांगतो. (माझ्या शपथेची किंमत वर सांगितली आहेच.) राउटर बायकोनं लोखंडी कपाटात ठेवला होता, धूळ बसू नये म्हणून, आणि कपाटाला कुलूप. इंटरनेट बाहेर येणार कुठून? राउटर कपाटावर ठेवला. तरी यंत्र दिवसातून चारदा सुटायचं. कंपनीच्या मदत केंद्रावरच्या बाईंनी चाळीस मिनिटं हिंदीत मला यंत्र बंद-चालू करायला लावलं. मग आईच्या पदराची पिन मागच्या भोकात घालून ते कोरं केलं आणि पुन्हा जोडलं. पुन्हा सुटलं.

शेवटी कळलं ते असं. राउटर दोन आवाजांत बोलतो. एक जाडा, लांबवर जाणारा. एक बारीक, जोरकस, पण भिंतीपलीकडं न पोचणारा. आमच्या यंत्राला फक्त जाडा कळतो, आणि राउटरनं दोघांना एकच नाव दिलेलं. यंत्र हाक मारायचं एकाला, ओ द्यायचा दुसराच. मी दोघांना वेगवेगळी नावं दिली, यंत्राला जाड्याच्या पदरात घातलं. मग ते सुटलं नाही. त्या दिवशी मी शाळेत फार ताठ चाललो.

चार दिवसांनी अक्काचा फोन. बायको भाजी निवडत होती, आई शेजारी बसली होती, फोन स्पीकरवर.

"आता छान दिसतंय सगळं. फक्त रोज सकाळी पावणेसहाला लाल होतं. अर्धा तास. त्या वेळी काय असतं?"

पावणेसहाला मी असतो. न्हाणीची खिडकी बोळात उघडते, आईच्या खोलीची खिडकीही त्याच बोळात, चार हातांवर. मी धूर बाहेर सोडत होतो आणि बोळ तो आईला पोचवत होता. वारा कसा वाहतो हा धडा मी वर्षाला तीन तुकड्यांना शिकवतो.

"आईची उदबत्ती असेल," मी म्हणालो.

विचारसुद्धा करावा लागला नाही. तोंडात तयारच होतं.

"मग बंद करा ती," अक्का म्हणाली.

आई उठली, उदबत्तीचा पुडा देव्हाऱ्याशेजारून काढला आणि कपाटात, राउटरच्या जुन्या जागी ठेवून दिला. बायको हळहळली, तेव्हा आई म्हणाली, "असूं दे. देवाला सर्दी झालीया असं समजायचं."

मी हसलो. मला ते हसू अजून आठवतं.

आता अडचण अशी की उदबत्ती बंद झाल्यावर पावणेसहाचा लाल दिवाही बंद व्हायला हवा होता. माझ्यापुढं दोन मार्ग होते. एक, सिगरेट सोडणे. दुसरा, यंत्राचं तोंड बंद करणे. मी विज्ञानाचा माणूस असल्यानं दुसरा निवडला. राउटरच्या ॲपमध्ये पालकांसाठी एक सोय असते; पोरांच्या फोनचं इंटरनेट ठरावीक वेळी बंद ठेवता येतं. मी यंत्राला पोर मानलं आणि रोज साडेपाच ते साडेसहा त्याला उपवास घातला.

त्या तासात अक्काच्या फोनवर 'संपर्क नाही' एवढंच दिसायचं. तिचा फोन आला की मी हातात माहितीपुस्तिका घेऊन आईच्या खोलीत उभा राहायचो, वायर काढायचो, घालायचो, पुटपुटायचो. साडेसहा वाजले की यंत्र आपोआप जोडलं जायचं.

"अहो, तुमच्या हाताला गुण हाय," बायको म्हणायची. "तुम्ही धरलं की लगेच चालू होतंय."

मी नम्रपणे मान हलवायचो.

एकदा अशाच दुरुस्तीच्या वेळी आई पलंगावर बसून पदरात तोंड दाबून खोकत होती. मी विचारलं, "काय होतंय?" ती म्हणाली, "काय न्हाय. तुजं चालू दे."

तिसऱ्या आठवड्यात अक्काचा धीर सुटला. "आई उठते नेमकं त्याच वेळी ते बंद असतं. तिला धाप लागली तर मला कळायचं कसं? तुमच्याच्यानं एक यंत्र चालू राहत नाही, आई काय सांभाळणार? मी तक्रार नोंदवलीय, शनिवारी माणूस येईल. नाही जमलं तर रविवारी गाडी घेऊन येते."

त्याच संध्याकाळी आईनं बायकोला माळ्यावरची बॅग काढायला सांगितली. दोन लुगडी, औषधांची पिशवी, जोतिबाचा छोटा फोटो. बॅग पलंगाखाली सरकवून ठेवली. मी ती पाहिली आणि तरी दुसऱ्या पहाटे न्हाणीत जाऊन पुन्हा ओढली. याहून वाईट काही माझ्याकडं सांगण्यासारखं नाही.

शनिवारी सकाळची शाळा सुटून घरी आलो तर इंटरनेटवाला आधीच आलेला. माझ्याच वयाचा, मिशा मोठ्या, आवाज मैदानातला. बायकोनं त्याला चहा दिला होता. आई दारात बसली होती.

"या पावणं," तो माझ्याच घरात मला म्हणाला. "हे मशीन चांगलं हाय, राउटर चांगला हाय, रेंज एक नंबर. दुखणं काय न्हायच की."

"रोज सकाळी जातं," मी म्हणालो. आवाज बरा लागला.

"किती वाजता?"

"साडेपाच ते साडेसहा," बायको म्हणाली.

"बिघाड घड्याळ बघून येत नसतोय वहिनी. मानूस येतोय." त्यानं राउटर आपल्या फोनला जोडला, बोटं फिरवली, आणि खदाखदा हसला. "हे बघा की! कुणीतरी टायमिंग लावून ठेवलंय ह्याला. साडेपाच बंद, साडेसहा चालू. रोजच्या रोज. आयला, पोरांचं मोबाईल बंद करत्यात लोक, तुमी हवेचं मशीन बंद केलासा! कुणी केलं हो हे?"

बायकोनं माझ्याकडं बघितलं. राउटरचं ॲप घरात एकाच फोनवर आहे.

"काढू का हे?" त्यानं विचारलं.

"काढा," मी म्हणालो.

त्यानं ते काढलं, उरलेला चहा संपवला, आणि जाताना माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "पावणं, तक्रार कंपनीवर टाकू नका तेवढी."

तो गेल्यावर मी आईसमोर खाली बसलो. काय बोलायचं ते जुळवत होतो, तेवढ्यात तीच म्हणाली, "कुठली वडतोस? पयल्यापेक्षा वास घाण हाय."

"तुला ठाऊक होतं?"

"छाती बिघडलीया माजी. नाक न्हाय."

"मग बोलली का नाहीस?"

"कुणाला बोलू? अक्काला बोलले असते तर तिनं दुसऱ्या दिवशी गाडी आणली असती. तुला बोलले असते तर तू आणखी एक शपथ घेटली असतीस." ती थोडी थांबली, श्वासासाठी. "सकाळी तासभर पदर नाकाला लावून बसत हुते. मला हितंच ऱ्हायचंय रं."

म्हणजे त्या तासाभरात दोघंही अक्कापासून लपत होतो. फरक एवढाच की मी धूर सोडत होतो आणि ती तो गिळत होती.

बायको आतून म्हणाली, "आणि माझ्याकडनं गुण हाय गुण हाय म्हणवून घेतलंसा." बायको गारगोटीची, आणि तिकडची माणसं हळू बोलत नाहीत. बोळातल्या सगळ्यांना कळलं.

मी अक्काला फोन लावला, स्पीकरवर, आणि सगळं सांगितलं. सिगरेट, खिडकी, उपवास. उदबत्तीचं सांगताना आईकडं बघितलं नाही. अक्का ऐकत होती. शेवटी म्हणाली, "पन्नाशी उलटली तुझी."

"हो."

"आईला फोन दे."

आई फोनकडं तोंड नेऊन ओरडून बोलली, पुणं लांब असल्यासारखं. "मी न्हाय यायची. चूक माज्या खोलीत न्हवतीच, न्हाणीत हुती. तुजं यंत्र न्हाणीत बसवा. बघत बस तिथनं त्याला."

अक्का हसली की रडली ते फोनवर कळलं नाही. रविवारी ती आली, पण गाडी भरून नेली नाही. यंत्र न्हाणीच्या खिडकीत ठेवलं. अट तिनं स्वतःच घातली: एकदा जरी पहाटे लाल झालं तरी आई पुण्याला. मग आईनं कपाटातला पुडा काढून देव्हाऱ्यात एक उदबत्ती लावली. आम्ही चौघं न्हाणीच्या दारात उभं राहून दिव्याकडं बघत होतो. उदबत्ती संपेपर्यंत तो हिरवाच राहिला. कुणी माझ्याकडं बघितलं नाही, हे त्यांचं औदार्य.

मी सिगरेट सोडली. सोडली म्हणजे, शाळेसमोरच्या टपरीवर दोनदा घसरलो, आणि दोन्ही वेळा घरी येऊन सांगितलं. घरात मात्र नाही.

परवा सकाळी पावणेसहाला यंत्र सुटलं. कुणी काही न करता, आपणहून. मी न्हाणीत दात घासत होतो. दोन मिनिटांत फोन वाजला.

"काय केलंस?" अक्का.

"काही नाही. खरंच वायफाय गेलंय."

"व्हय काय?" पुण्यात राहून ती कोल्हापुरी विसरलेली नाही. "आईला उठव."

आई उठूनच बसली होती. काठी टेकत आली, माझा शर्ट हुंगला, उजव्या हाताची बोटं हुंगली. मग म्हणाली, "आ कर."

मी तोंडात फेस घेऊन आ केला. तिनं नाक जवळ आणलं, डोळे मिटले, सावकाश श्वास घेतला. तिच्या छातीत शिट्टी वाजली, पण खोकला आला नाही.

फोनकडं तोंड करून ती ओरडली, "न्हाय वडलेली. यंत्रच बंद हाय."

पलीकडून फोन ठेवल्याचा आवाज आला. आई तिथंच उभी राहिली आणि मला म्हणाली, "आता तोंड धू, आणि ते नीट कर. खरंच नीट कर."