फुग्याचा लाल दिवा

एका मोडलेल्या गाडीतून मी वीतभर वायर काढून खिशात घातली, हे मी आजपर्यंत कोणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, मुलीला नाही. नमाजनंतर हात वर करतो तेव्हाही बाकीचं सगळं बोलतो आणि हे वगळतो.

माझा धंदा गाड्यांच्या सीटांचा. चंद्रपुरात, जुन्या परकोटाच्या गेटाच्या आतल्या बाजूला, अब्बांचं दुकान होतं. ते टॉकीजच्या खुर्च्या आणि टांग्यांच्या गाद्या शिवायचे. टांगे गेले, मग मी जीपा धरल्या. नव्वदच्या दशकात आमच्याकडे सीटचं काम म्हणजे एकच, जीपमध्ये कंपनीनं ठरवली त्यापेक्षा जास्त माणसं बसवून देणं. ब्रह्मपुरीकडे, गडचिरोलीकडे सवारी ओढणाऱ्या जीपा यायच्या. मालक चहा पीत उभा राहून हुकूम सोडायचा.

"उस्ताद, मागं आडव्या दोन फळ्या टाक. आन हे पट्टे कापून टाक, सवारीच्या पायात येऊन राह्यले."

"जीव वाचवाले असते ते, भाऊ."

"जीव वाचवाले महाकाली हाय. तू काप."

मी कापायचो. सीटबेल्टचा तो पट्टा फार मजबूत असतो. कोणी त्यानं कॅरिअरवरचं सामान बांधायचा, कोणी म्हैस बांधायचा. आमच्या घरात मुलीची झोळी त्याच पट्ट्यांवर टांगलेली होती. तिच्या दोन्ही बाजूंना कोणाकोणाच्या जीपांचे पट्टे होते आणि ती मध्ये झोपायची. तेव्हा मला त्यात काही वाटलं नाही. आता वाटतं, पण तेही वरवरचंच, जीभ भाजल्यावर चव लागते तसं.

पुढं एक गाडी आली. नवं शतक लागून दोन-तीन वर्षं झाली असतील. गडचांदूरच्या सिमेंट कारखान्यात नोकरी करणारे एक साहेब होते. ब्रह्मपुरीकडच्या धानाच्या गावातले, साहेब झाले तरी बोलणं गावाकडचंच. त्यांनी नागपुरातून जुनी, पण मोठी गाडी घेतली होती. स्टेअरिंगच्या पोटात फुगा असलेली. एअरबॅग हा शब्द आम्हाला माहीत होता, पण आमच्या गल्लीत सगळे फुगाच म्हणायचे. असली गाडी माझ्या दुकानासमोर पहिल्यांदाच उभी राहिली. पंक्चरवाला, पानवाला, सगळे येऊन आत डोकावून गेले.

गाडी चालवायच्या त्या बाई, साहेबांच्या घरच्या. चंद्रपुरातच राहायच्या, इथल्या ज्युनिअर कॉलेजात मराठी शिकवायच्या. उंचीनं लहान, त्यात पाठीचं ऑपरेशन झालेलं. कंपनीची सीट खोल आणि मऊ होती.

"उस्ताद, मला रस्ता दिसतच नाही, नुसतं आभाळ दिसतं," बाई म्हणाल्या. "उद्या पोलिसानं अडवलं तर काय सांगू? वर पाहत चालले होते म्हणून?"

साहेब म्हणाले, "हिले उंच आन कडक सीट पाह्यजे. पैशाचं तू पाहू नको. फक्त परवा दिवाळीले गावाले जाचं हाय, उद्या संध्याकाळी गाडी पाह्यजे मले."

मी नागपूरच्या भंगारातून आणलेली एक कडक, उंच सीट दाखवली. बाई तिच्यावर बसल्या, पाठ टेकवली आणि डोळे मिटून म्हणाल्या, "हीच."

चूक इथून पुढची आहे.

आमच्याकडे गाडी आतून उघडायची तर पहिलं काम म्हणजे गिऱ्हाइकाचा टेप लावणं. अब्बांपासूनची नाही, माझीच सवय. गाडीत कोणती कॅसेट आहे यावरून माणूस कळतो असं मी म्हणायचो आणि गल्ली हसायची. बाईंच्या गाडीत कव्वालीची कॅसेट निघाली. मला फार आनंद झाला. जुनी सीट सोडवली, तिच्या खालचा पिवळा प्लग काढला, सीट बाहेर घेतली आणि टेपसाठी किल्ली फिरवली. त्या गाडीत किल्ली अर्धी फिरवून टेप लागत नव्हता, पूर्ण फिरवावी लागली. कव्वाली सुरू झाली. मी खाली बसून नव्या सीटसाठी पट्ट्या वेल्ड करायचं माप घेत होतो.

पिवळा प्लग म्हणजे फुग्याच्या यंत्रणेचा प्लग. तो काढायच्या आधी बॅटरी सोडायची असते, मग थोडं थांबायचं असतं आणि तो सुटा असताना किल्लीला हात लावायचा नसतो. हे मला नंतर कळलं. गाडीनं तेवढ्या वेळात आपल्या पोटात नोंद करून ठेवली, की इथं काहीतरी तुटलं आहे.

नवी सीट बसली. पट्टा ज्या खुंटीत अडकतो ती खुंटी उंच सीटच्या बाजूला बुडून गेली, हाताला लागेना. मी तिच्या बुडाशी पट्ट्याचा एक तुकडा जोडून तिला वर घेतलं. ती शिलाई मी स्वतः केली, नायलॉनच्या दोऱ्यानं, आडवी-उभी, मग तिरपी. तसाच दुसरा तुकडा शिवून कडुलिंबाच्या फांदीला बांधला. पंक्चरवाला आणि मी दोघंही त्याला लटकलो.

"तुटला तं तुह्या पोरीचं लगन मीच लावून देईन," तो वर लटकूनच बोलला.

"आधी स्वतःचं वजन पाह्य," मी म्हटलं.

फांदी करकरली, शिलाईचा एक टाकाही हलला नाही. गल्लीनं टाळ्या वाजवल्या.

मग प्लग परत लावला, किल्ली फिरवली. मीटरच्या काचेत लाल दिवा पेटला. बसलेला माणूस आणि त्याच्या छातीशी गोल, असं चित्र. इंजिन सुरू केलं, दिवा गेला नाही. प्लग काढून पुन्हा लावला. बॅटरी सोडून ठेवली, जेवून आलो, पुन्हा जोडली. दिवा तसाच. फुग्याला काय झालं आहे ते मला माहीत नव्हतं. एवढं मात्र माहीत होतं, की हा दिवा पेटलेला राहतो तेव्हा फुग्यावर भरवसा ठेवायचा नसतो.

तो घालवायचं यंत्र नागपुरात, शोरूममध्ये. म्हणजे साहेबांना सांगायला हवं होतं, की गाडी नागपूरला न्या, दिवा माझ्यामुळे लागला. एवढंच सांगायचं होतं. पण पहिल्यांदाच एवढी गाडी दारात आली होती, गल्लीसमोर टाळ्या घेऊन झाल्या होत्या, आणि संध्याकाळी ते येणार होते.

एका वायरमननं मला पूर्वी गंमत म्हणून सांगितलेलं होतं. फुग्याच्या दिव्याची वायर सोडायची आणि तो दिवा इंजिन ऑइलच्या दिव्याला जोडायचा. किल्ली फिरवली की दोन्ही पेटतात, इंजिन सुरू झालं की दोन्ही जातात. बघणाऱ्याला वाटतं, सगळं ठीक. मी डॅशबोर्ड उघडला, वीतभर वायर टाकली आणि काळी चिकटपट्टी गुंडाळून बंद केला.

बाई आल्या. बसल्या. पट्टा लावून पाहिला, खुंटी हाताशी आली म्हणून हसल्या. किल्ली फिरवली, लाल दिवा पेटला, इंजिन सुरू झालं आणि दिवा गेला. काच खाली करून त्यांनी विचारलं,

"उस्ताद, सीट बदलली तर फुग्याचं काही होत नाही ना? तो चालू आहे ना?"

"चालू आहे, बाई. दिवा गेला न, म्हणजे चालू."

"हा माणूस खोटं नाई सांगत," साहेब बाजूच्या सीटवरून म्हणाले. त्यांनी ते सहज म्हटलं. गाडी वळून गेटाबाहेर गेली.

दिवाळीनंतर परत येताना, मूल गावाच्या रस्त्यावर, जंगलात, रानडुक्कर आडवं आलं. बाईंनी गाडी वळवली आणि ती सागाच्या झाडावर गेली. साहेबांचा हात मोडला. बाईंचा पट्टा टिकला, माझी शिलाई टिकली. फुगा उघडला नाही. त्यांचं तोंड स्टेअरिंगवर आपटलं. जबडा मोडला आणि डावा डोळा गेला.

मला ही बातमी पानवाल्यानं सांगितली. मी तेव्हा एका ट्रकची गादी शिवत होतो. ती शिवून पूर्ण केली. मालकाला दिली. घरी गेलो, जेवलो. काय जेवलो ते आठवत नाही, पण जेवलो हे आठवतं.

काही दिवसांनी साहेब आले, हात गळ्यात बांधलेला. सोबत पेढे. मला वाटलं, कळलं. मी उभा राहिलो. त्यांनी चांगल्या हातानं माझा खांदा धरला.

"डॉक्टर म्हने, पट्टा सुटला असता तं बाई काचेतून बाहेर गेली असती. तुही शिलाई होती उस्ताद, म्हणून ती हाय."

मी पेढा घेतला.

"आन तो फुगा!" ते म्हणाले. "हजार गोष्टी सांगून इकते हे लोक. येळेवर उघडलाच नाई. मी सोडणार नाई त्याहिले. गाडी नागपूरले ओढून नेतो, माणूस बोलावतो, खोलून पाहाले लावतो, काऊन नाई उघडला म्हणून."

गाडी पोलीस ठाण्याच्या मागच्या पटांगणात पडलेली होती. मी म्हणालो, "साहेब, न्यायच्या आधी सीट काढून ठेवतो मी. बाईच्या मापाची हाय. दुसऱ्या गाडीले लागंल." त्यांचे डोळे भरून आले. त्यांनीच ठाण्यात सांगून मला आत सोडायला लावलं.

दुपारची वेळ होती. एक शिपाई सावलीत बसून पेपर वाचत होता. मी सीट काढली. स्टेअरिंगवर काळं सुकलेलं होतं, त्याच्याकडे पाहिलं नाही. मग खाली वाकून डॅशबोर्ड सैल केला, माझी चिकटपट्टी सोडवली, वीतभर वायर ओढून काढली, जुनी वायर जिथल्या तिथं जोडली. शिपायानं विचारलं, "झालं का?" मी म्हटलं, "झालं." सीट खांद्यावर घेऊन बाहेर आलो.

नागपूरच्या माणसानं सांगितलं, की फुग्याचा दिवा पेटलेला आहे, यंत्रणेत आधीपासूनच बिघाड होता, तुम्ही दिवा पाहूनही गाडी चालवली. साहेब म्हणत राहिले, दिवा जात होता, आम्ही रोज पाहत होतो. त्यांचं कोणी ऐकलं नाही. बाईंनी दिव्याकडे लक्ष दिलं नसेल, असं सगळे धरून चालले. हळूहळू बाईंनीही तसंच धरलं. दुकानात एकदा आल्या तेव्हा म्हणाल्या, "मीच नीट पाहिलं नसेल, उस्ताद. घाईत होते." जबड्यामुळे शब्द जरा घसरत होते. मी त्यांना खुर्ची पुसून दिली.

मी स्वतःला समजावत आलो, की झाडावर गाडीचा कोपरा आपटला तर फुगा तसाही उघडत नसेल. असेलही. पण मग मी वायर काढायला कशाला गेलो असतो?

ती सीट दुसऱ्या गाडीला कधीच लागली नाही. बाईंनी पुन्हा गाडी चालवली नाही. सीट माझ्या दुकानाच्या माळ्यावर आहे. तिच्यावर फोमचे गठ्ठे ठेवतो.

पुढं माझी मुलगी त्यांच्याच कॉलेजात गेली, त्यांच्याच वर्गात. बाई पुस्तक उजव्या डोळ्यासमोर तिरपं धरून वाचतात, असं घरी येऊन करून दाखवायची. तिला मराठीत गती आहे हे बाईंनीच ओळखलं. सुट्टीच्या दिवशी घरी बोलावून शिकवलं. फी विचारायला गेलो तेव्हा म्हणाल्या, "तुम्ही मला वाचवलं, आणि मी तुमच्याकडून पैसे घेऊ?" मुलगी माझ्याकडे पाहत होती. तिच्या चेहऱ्यावर माझ्याबद्दल जे होतं, ते मी आयुष्यात दुसऱ्या कोणाच्या चेहऱ्यावर पाहिलेलं नाही. आज ती शिक्षिका आहे. हे लिहिताना शुद्धलेखन तिला विचारता आलं असतं. विचारलं नाही.

अपघाताची बातमी आली त्या दिवसापासून टेप लावून काम करत नाही. फुग्याची गाडी आली तर आधी बॅटरी सोडतो, थांबतो, मगच पिवळ्या प्लगला हात लावतो. दिवा राहिला तर गिऱ्हाइकाला सांगतो, राहिला म्हणून. लोक म्हणतात, उस्ताद फार काटेकोर आहे. यात माझी काही फेड होते असं मला वाटत नाही. काम नीट करायचं असतं, एवढंच ते.

साहेब काही वर्षांपूर्वी वारले. मी खांदा दिला. त्यांना सांगायचं राहिलं ते राहिलंच. बाई आहेत. त्याच घरात राहतात. बाजारात जाताना दिसतात, रस्ता ओलांडताना आधी डावीकडे पूर्ण मान वळवतात. मला पाहिलं की थांबतात, मुलीची चौकशी करतात. मी सांगतो, बरी आहे. मग आम्ही आपापल्या वाटेनं जातो.

हे छापून त्यांच्या हाती पडलं तरी माझं काम झालं असं मी धरणार नाही. त्यांनी काच खाली करून मला तोंडावर विचारलं होतं, फुगा चालू आहे ना. तो चालू आहे की नाही हे मला माहीत नव्हतं, बाई. दिवा मी खोटा विझवला होता. तुमचं लक्ष नीट होतं. हे उत्तर मी त्यांना तोंडावर देणं लागतो, आणि अजून दिलेलं नाही.